ग्रीसची ग्रुप टूर आणि नाफ्प्लिओचे अडीच तास

दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही कोल्हापुरातनं ग्रीसला निघालो, ग्रुप टूर, आठ रात्री नऊ दिवस, आम्ही नवरा-बायको धरून सव्वीस माणसं, निम्मी कोल्हापूरची, बाकीची सांगली आणि इचलकरंजीची. टूर कंपनीचं नाव इथं घालत नाही, त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे आणि मला कुणाला बदनाम करायचं नाही, पुढं जाणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी काय विचारून घ्यावं एवढंच सांगायचंय. टूरला ५ पैकी ३. आणि त्या टूरमधल्या नाफ्प्लिओ नावाच्या समुद्रकाठच्या गावाला ५ पैकी ५, आणि तेच गाव या लोकांनी जेवणाच्या ब्रेकसारखं उरकलं म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. व्हिसाची कागदपत्रं त्यांनी एकदम चोख करून दिली, कुठला बँक स्टेटमेंट किती महिन्यांचा, इन्शुरन्स कसला, सगळं समजावून सांगितलं, एकाचाही व्हिसा रिजेक्ट झाला नाही. व्हिसाची फी ९० युरो, ती पॅकेजमध्ये धरलीय का वेगळी ते मात्र आधीच विचारा, आम्हाला शेवटी कळलं. हॉटेलं स्वच्छ. टूर मॅनेजर म्हणून आलेला पोरगा सोन्यासारखा, ग्रुपमधल्या वयस्कर लोकांच्या बॅगा स्वतः उचलायचा, एका काकूंचं बीपी वाढलं तर रात्री दोन वाजता मेडिकल शोधत फिरला. त्याच्याबद्दल एक अक्षर वाईट ऐकून घेणार नाही. जो प्रॉब्लेम आहे तो ज्यांनी ऑफिसात बसून प्रोग्रॅम आखला त्यांचा.

चौथ्या दिवशी अथेन्सवरनं सकाळी बस निघाली. वाटेत कोरिंथचा कालवा बघितला, १८९३ साली उघडलेला, सहा किलोमीटरपेक्षा थोडा जास्त लांब आणि इतका अरुंद की पुलावरनं खाली बघितलं की दगड उभा चिरल्यासारखा दिसतो. मग मायसीनी, सिंहांचा दरवाजा, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा. मग एपिडॉरसचं थिएटर, इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकातलं, दगडाच्या ५५ रांगा, मधे उभं राहून कागद चुरगाळला तरी वरपर्यंत ऐकू येतो असं गाईड सांगत होती आणि आमच्यातल्या एका सरांनी मधे उभं राहून खणखणीत आवाजात पसायदान म्हटलं, मी सगळ्यात वरच्या रांगेत होतो, एकेक शब्द ऐकू आला. अंगावर काटा आला राव. या सगळ्यानंतर दुपारी अडीच वाजता नाफ्प्लिओ, आणि पाच वाजता बस सुटणार. अडीच तास! त्यातला एक तास जेवणात गेला, तेही पॅक जेवण, आणि गाव म्हणजे काय तर बंदरावर फिरा, फोटो काढा, आइस्क्रीम खा.

माहितीपत्रकात छापलेलं होतं, 'नाफ्प्लिओ दर्शन, पलामिडी किल्ला'. मी कोल्हापूरचा माणूस, पन्हाळ्याला महिन्यातनं एकदा गेलो नाही तर मला करमत नाही, दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चालतो, त्यामुळं किल्ला हा शब्द वाचूनच मी ही टूर निवडलेली. आणि तिथं गेल्यावर कळलं की किल्ला फक्त खालनं दाखवायचा. इंग्रजी प्रोग्रॅममध्ये बारीक अक्षरात 'व्ह्यू ऑफ' लिहिलेलं, 'व्हिजिट' नाही. म्हणजे तिकीट नाही, वर जाणं नाही, बंदरावर उभं राहून मान वर करायची. टूरवाल्यांच्या भाषेत हे सगळे वेगळे शब्द असतात हे मला तेव्हा शिकायला मिळालं, 'व्ह्यू', 'फोटो स्टॉप', 'ओरिएंटेशन' म्हणजे बसमधनं किंवा खालनं बघणं, आणि 'एन्ट्री' किंवा 'व्हिजिट' लिहिलं असेल तरच आत. बुकिंग करताना प्रत्येक ठिकाणासमोर यातलं काय लिहिलंय ते पेनानं गोल करून विचारा.

त्या संध्याकाळी बसमध्ये बसताना मागं वळून बघितलं तर डोंगरावर तो किल्ला उन्हात पिवळा झालेला, खाली निळं पाणी, पाण्यात मधोमध बुर्जी नावाचा छोटा किल्ला, आणि मला लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावरनं पहिल्यांदा सिंधुदुर्ग बघितला तेव्हाचं आठवलं. बायको म्हणाली, अहो असं तोंड पाडून बसू नका, शेवटचे दोन दिवस अथेन्समध्ये शॉपिंगला मोकळे आहेत ना, आपण परत येऊ. आणि आम्ही खरंच परत आलो. आम्ही दोघं आणि ते पसायदानवाले सर. टूर मॅनेजर पोरानं ऑफिसला फोन करून परवानगी घेतली, आमच्याकडनं लिहून घेतलं की आपापल्या जबाबदारीवर जातोय, आणि अथेन्सच्या किफिसोस बस स्टँडवर केटेलच्या, म्हणजे तिथल्या एसटीच्या, बसमध्ये बसवून दिलं. साधारण अडीच तास लागतात, बस स्वच्छ, एसी, अगदी आपल्या शिवनेरीसारखी. अथेन्समधल्या हॉटेलची त्या रात्रीची रूम रिकामी राहिली, त्याचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले, ते नियमात असेल तर असू दे, पण एक ओळीचा मेल तरी करायला हवा होता, तीन मेल करून उत्तर नाही.

आता गावाबद्दल सांगतो.

नाफ्प्लिओ हे आधुनिक ग्रीसच्या पहिल्या राजधानीचं गाव. तुर्कांच्या विरुद्ध १८२१ ला ग्रीक लोकांचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, आणि अथेन्स राजधानी झाली ती १८३४ ला, त्याच्या आधीची काही वर्षं सगळा कारभार या एवढ्याशा गावातनं चालायचा. गाव चालत अर्ध्या तासात पार होतं. आपल्याकडं पन्हाळ्यावरची राजधानी १७८२ ला खाली कोल्हापुरात आली, तेव्हापासनं पन्हाळा शांत झाला, तसंच काहीसं इथंही झालं असणार, राजधानी गेली आणि गाव जसंच्या तसं राहिलं. म्हणूनच आज गल्ल्या तशाच अरुंद आहेत, लाकडी गॅलऱ्या आहेत, प्रत्येक दारावर बोगनवेल चढलेली. गाड्या आत येत नाहीत.

पलामिडी चढायला सकाळी लवकर जा, उन्हाच्या आधी. लोक म्हणतात ९९९ पायऱ्या आहेत, हजारावी पायरी कोलोकोत्रोनिस नावाच्या सेनापतीच्या घोड्यानं मोडली अशी गोष्ट सांगतात. मोजणाऱ्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, बरेच जण साडेआठशेच्या पुढं-मागं सांगतात. दगडी पायऱ्या, वळणं घेत जातात, सावली जवळजवळ नाही, पाण्याची बाटली पाहिजेच. गुडघे दुखत असतील तर मागच्या बाजूनं डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, टॅक्सीनं जा, उतरताना पायऱ्यांनी या, सरांनी तसंच केलं. आम्ही दोघं चढलो. प्रत्येक वळणावर बायको थांबायची, मी थांबायचो, आणि खाली बघितलं की लाल कौलांचं गाव आणि आर्गोसचं आखात आणखी मोठं झालेलं असायचं. २१६ मीटर उंची ऐकायला फार वाटत नाही, पण सुरुवात समुद्राच्या पातळीवरनं आहे हे लक्षात ठेवा.

किल्ला व्हेनिसच्या लोकांनी बांधला, १७११ ते १७१४, फक्त तीन वर्षांत. हा आकडा वाचला आणि मी तिथंच बुरुजावर बसलो. १७१० ला ताराराणींनी पन्हाळ्यावर करवीरची गादी उभी केली आणि १७१४ ला त्यांच्या हातनं सत्ता गेली. म्हणजे ताराराणी पन्हाळ्यावरनं कारभार बघत होत्या नेमकी तीच वर्षं इथं हे दगड चढवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, पण प्रश्न तोच, डोंगर कसा राखायचा. आणि एवढा खर्च करून बांधलेला किल्ला १७१५ लाच तुर्कांनी घेतला. एका वर्षात.

आत आठ बुरुज आहेत आणि प्रत्येक बुरुज म्हणजे जवळजवळ स्वतंत्र छोटा किल्ला, एक पडला तरी बाकीचे लढू शकतील अशी रचना. नावं ग्रीक वीरांची, अकिलीस, लिओनिडास, मिल्टियाडिस, थेमिस्टोक्लिस वगैरे. पाण्याची भुयारी टाकी आहेत, आत डोकावलं की गार हवा तोंडावर येते, पन्हाळ्यावर अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना येते तशीच. पण मला सगळ्यात जास्त अकिलीस बुरुज बघायचा होता. कारण १८२२ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रात्री स्ताइकोस स्ताइकोपुलोस नावाचा माणूस साडेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन आला आणि याच बाजूनं शिडीनं वर चढून किल्ला घेतला, खाली गावाला वेढा पडून महिने झाले होते, आत तुर्कांची उपासमार चाललेली, आणि हा बुरुज सगळ्यात कच्चा. पन्हाळा माहीत असलेल्या माणसाला इथं कोंडाजी फर्जंद आठवणारच, १६७३ ला साठ मावळे घेऊन रात्रीत पन्हाळा घेतला तो गडी. मी सरांना तिथंच ती सगळी गोष्ट सांगितली, सर सांगलीचे, त्यांना अर्धी माहीत होती, आमचं मराठी ऐकून एक ग्रीक बाई थांबली आणि विचारलं कुठली भाषा, मग तिलाही मोडक्या इंग्लिशमध्ये कोंडाजी सांगितला. तिनं विचारलं तो किल्ला आहे का अजून. म्हटलं आहे, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत पण आला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये. ते सांगताना माझा आवाज भरून आला हे खरं.

खाली गावात जी रेस्टॉरंटवाली मुख्य गल्ली आहे तिचं नाव स्ताइकोपुलू, त्याच माणसाच्या नावानं. पहिल्या दिवशी याच गल्लीतनं आम्ही सव्वीस जण आइस्क्रीम चाटत गेलो होतो आणि एकालाही कुणी सांगितलं नव्हतं. माझी टूरवाल्यांवरची तक्रार एका वाक्यात सांगायची तर हीच.

त्या कोलोकोत्रोनिसचं पुढं काय झालं तेही ऐका. स्वातंत्र्ययुद्धाचा सगळ्यात मोठा सेनापती, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला, १८३४ ला. कारण तोवर बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो राजा म्हणून आणून बसवलेला, १८३३ ला याच बंदरात उतरला, आणि त्याच्या नावानं कारभार करणाऱ्या परक्या लोकांना हा म्हातारा डोईजड झाला. पाच न्यायाधीश होते, त्यातल्या पोलिझोइडिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी फाशीच्या निकालावर सही करायला साफ नकार दिला, त्यांना जबरदस्तीनं कोर्टात ओढत आणलं तरी सही केली नाही. तिघांच्या जोरावर शिक्षा झाली, पण अमलात आली नाही, पुढच्या वर्षी माफी मिळाली. किल्ल्यावर त्याची कोठडी म्हणून एक जागा दाखवतात, वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. आत गेलो, दोन मिनिटं पण राहवलं नाही. आणि पायऱ्या जिथनं सुरू होतात त्या रस्त्याला त्या सही न करणाऱ्या न्यायाधीशाचं नाव आहे, पोलिझोइडू.

दुपारी खाली येऊन संत स्पिरिडॉनचं चर्च शोधलं. लहानसं, एका उतरत्या गल्लीत, आपल्या पेठेतल्या एखाद्या जुन्या देवळाएवढं. इथं ९ ऑक्टोबर १८३१ ला सकाळी देशाचा पहिला गव्हर्नर कापोडिस्ट्रियास प्रार्थनेला येत होता आणि दारातच त्याला गोळी घातली आणि सुरा भोसकला, मारणारे मावरोमिखालिस घराण्यातले दोघं, त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसाला यानं कैदेत टाकलं होतं म्हणून. दरवाजाशेजारी भिंतीत गोळीची खूण म्हणून काचेखाली जपून ठेवलीय. हा माणूस आधी रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता, सगळं सोडून उद्ध्वस्त देश उभा करायला आला, चलन सुरू केलं, शाळा काढल्या. बटाट्याची गोष्ट तर तिथं सगळे सांगतात, लोक बटाटा लावायला तयार होईनात, मग त्यानं म्हणे बटाट्यांच्या ढिगाऱ्याभोवती पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना सांगितलं की चोरणाऱ्याकडं काणाडोळा करा, लोकांना वाटलं एवढा पहारा म्हणजे काहीतरी मोलाचं असणार आणि रातोरात सगळे चोरून नेले. खरी असो नसो, अशी गोष्ट ज्याच्यावर लोकांचा जीव असतो त्याच्याबद्दलच तयार होते.

सिंटाग्मा चौक म्हणजे गावाचा भवानी मंडप म्हणा. संगमरवरी फरशी, एका बाजूला व्हेनिसच्या लोकांनी १७१३ ला बांधलेली सैन्याची कोठी, त्यात आता म्युझियम. जवळच जुनी मशीद, जिथं ग्रीकांची पहिली संसद भरली. म्युझियममध्ये एकच गोष्ट बघायची असेल तर डेंड्राचं चिलखत बघा, जवळच्या डेंड्रा गावात १९६० ला थडग्यात सापडलं, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, ब्राँझच्या पत्र्यांचं, गळ्यापासनं मांडीपर्यंत, आणि सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. मी काचेसमोर बराच वेळ उभा होतो. घालणारा माणूस चालत कसा असेल असं बायकोनं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

आणि संध्याकाळ. संध्याकाळी त्याच संगमरवरी फरशीवर गावातली पोरं फुटबॉल खेळतात, आईबाप कॉफी पीत बसलेले, बॉल टेबलाखाली आला की गिऱ्हाईक पायानं परत ढकलतं, कुणी ओरडत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला वयाच्या सहाव्या वर्षापासनं जाणाऱ्या कोल्हापूरकराला यापेक्षा काय पाहिजे. आम्ही दोन तास नुसते बसलो. थंड फेसाळ कॉफी मिळते, फ्रेडो म्हणतात, एक घेऊन कितीही वेळ बसा, बिल आणून कुणी उठवत नाही.

खाण्याचं सांगायचं तर ग्रुपसोबत रोज पनीर बटर मसाला चाललेला, त्यातनं सुटका झाली. बंदरावर ताजे तळलेले छोटे मासे घेतले, लिंबू पिळून, काट्यासकट खायचे, आणि बायकोनं पर्समधनं कांदा-लसूण चटणीची डबी काढली. वेटरला चव दिली तर त्यानं आतनं आचाऱ्याला बोलावून आणलं. ग्रिल केलेला ऑक्टोपस मला आवडला, बायकोला नाही. संत्री मात्र जरूर खा, आर्गोसच्या सगळ्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत.

बुर्जी, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, १४७३ चा, व्हेनिसवाल्यांचाच. बंदरावरनं छोट्या बोटी तिथं फेऱ्या मारतात. एके काळी पलामिडीवर तुरुंग होता आणि फाशी देणाऱ्या जल्लादांना गावात कुणी राहू देईना, म्हणून त्यांना या बुर्जीत ठेवायचे. नंतर काही वर्षं तिथं हॉटेल पण होतं. पोहायचं असेल तर डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला अर्वानितिया बीच आहे, वाळू नाही, गोटे आहेत, पाणी काचेसारखं. तिथनं कड्याच्या पोटातनं समुद्राच्या कडेनं गावाला वळसा घालणारी पायवाट आहे, निवडुंगं, पाईनची झाडं, एका बाजूला पाणी, सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी ही वाट चुकवायची नाही.

आठवण म्हणून काही घ्यायचं तर कोम्बोलोई घ्या, मण्यांची माळ, जपमाळेसारखी दिसते पण जपासाठी नाही, म्हातारे लोक नुसतं बोटांत खेळवत बसतात. या माळांचं एक छोटं म्युझियमच आहे गावात. सरांनी तीन घेतल्या.

टूर कंपनीच्या ऑफिसला परत आल्यावर स्वतः जाऊन भेटलो. सांगितलं, अथेन्सची एक रात्र कमी करा, नाफ्प्लिओला एक मुक्काम द्या, मायसीनी आणि एपिडॉरस दोन्ही तिथनं पाऊण तासाच्या आत आहेत, बसचं अंतर वाढत नाही, उलट कमी होतं. काउंटरवरची मुलगी लिहून घेत होती, मालक म्हणाले बघू, लोकांना शॉपिंग लागतं. मी म्हटलं पर्याय तरी ठेवा, किल्ल्याचं तिकीट घालून. अजून उत्तर नाही, आलं की इथं खाली लिहीन.

तोवर स्वतः जाणाऱ्यांसाठी, मुक्काम जुन्या गावातच बघा, पण वरच्या बाजूच्या घरांना पायऱ्या फार असतात, बॅग लहान ठेवा. शनिवार-रविवार अथेन्सचे लोक गर्दी करतात, शक्यतो मधल्या वारी जा. रविवारी संध्याकाळीच परतायचं असेल तर बसचं तिकीट उतरल्या उतरल्या स्टँडवर काढून ठेवा, आमच्या रांगेतल्या चार-पाच जणांना पुढच्या बसला थांबावं लागलं.